राजश्रीचा विसावा पाठ

"राजश्री, माझा आवाज नीट येतोय का?"

"येतोय मॅडम. उलट जरा हळू बोला, कानात घुमतंय. आणि त्या सुकुमारला सांगा, आत्तापासूनच बाकावर चढून बसलाय. पाठ सुरू झाल्यावर असला चावटपणा केला तर मी त्याला अंगठे धरून उभा करणार."

हेडफोनमधून हे धडाधड ऐकताना मला हसू आलं. सकाळचे सव्वानऊ झाले होते. दहाला तपासणी समिती येणार होती. हॉलमध्ये पडदा लागला होता, टेबलावर शाली आणि नारळ मांडून ठेवले होते. मी हॉलच्या मागच्या कोपऱ्यात माझ्या संगणकापाशी बसले होते आणि तिसऱ्यांदा वायरी तपासत होते. राजश्री मात्र मजेत होती.

हीच राजश्री मगदूम समोर उभी राहिली की स्वतःचं नाव सांगायला अर्धं मिनिट घ्यायची. पहिल्या अक्षरावर जी अडकायची ती सुटायचीच नाही. मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, ओठ थरथरायचे. ऐकणाऱ्यालाच घाम फुटायचा.

गोष्ट दोन हजार बारा सालची. आमच्या विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात बीएडच्या मुलांसाठी मी संगणकावर एक अख्खी शाळा उभी केली होती. फाटक, व्हरांडा, वर्ग, बाकं, फळा, सगळं पडद्यावर. प्रत्येकाची तिथे एक बाहुली. कळफलकावर बोटं चालवली की ती चालते, बसते, हात वर करते; आपण माइकवर बोललो की आवाज तिच्याकडून येतो. एकाने शिक्षक व्हायचं, बाकीच्यांनी सातवीची पोरं. चोवीस-पंचवीस वर्षांचे घोडे ते, सातवीत गेल्यावर शिक्षकाला असे छळायचे की विचारू नका. खऱ्या शाळेत जाऊन फजिती करून घेण्याऐवजी इथे करून घ्या, एवढाच माझा हिशेब होता. मुलं त्या शाळेला 'तिकडं' म्हणायची. "आज तिकडं माझा पाठ आहे," असं.

आज जो तो मला त्याबद्दल व्याख्यान द्यायला बोलावतो. तेव्हा मात्र आमचे विभागप्रमुख डॉ. सदलगे सर म्हणायचे, "तळेकर मॅडम, तुमचा बाहुल्यांचा खेळ झाला असेल तर जरा हजेरीपत्रकं बघा." मी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर होते. दर जूनला नवी ऑर्डर यायची, आली तर. मार्चपासून माझी झोप उडायची. मग त्या वर्षी समिती येणार असं कळलं, आणि समितीला काहीतरी नवीन दाखवायला हवं म्हणून सदलगे सरांना एकाएकी माझा खेळ आवडायला लागला. "अहवालात चांगले दोन शब्द आले ना मॅडम," ते म्हणाले, "तर तुमची कायमची ऑर्डर मी स्वतः कुलगुरूंकडून सही करून आणतो. हे माझ्याकडं लागलं."

राजश्रीचं मला कळलं ते अपघातानेच. ऑगस्टमध्ये नगरपालिकेच्या शाळेत तिचा पहिला पाठ होता. पोरांनी तिची नक्कल केली, एका सुरात, बाकं वाजवून. ती वर्गाबाहेर आली आणि हातपंपाशी जाऊन नुसती उभी राहिली. दुसऱ्या आठवड्यात मी संगणकाच्या खोलीत हेडफोन लावून तिकडचा वर्ग तपासत होते, तर एक बाहुली फळ्याशी उभी राहून पानांमध्ये अन्न कसं तयार होतं ते समजावत होती. इतकं गोड, इतकं सलग की मी ऐकतच राहिले. आमच्यात अशी कोण आहे बाई? मी हेडफोन काढून खोलीभर बघितलं. कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून राजश्री बसली होती आणि तिचे ओठ हलत होते.

का तसं व्हायचं, मला विचारू नका. मी डॉक्टर नाही. कुणी बघत नसलं की तिची जीभ सुटायची, एवढं खरं. मी तिला हॉलला लागूनची आतली, जुने तक्ते आणि नकाशे ठेवायची खोली रिकामी करून दिली, एक संगणक नेऊन ठेवला, दार लावून घ्यायला कडी बसवली. रोज चार ते पाच ती तिकडं शिकवायची. पाच मिनिटं आधी येऊन वर्गातली बाकं सरळ करायची, म्हणजे तिकडची, पडद्यावरची. मी एकदा म्हणाले, "अगं, ती कुणी हलवत नाही." तर ती म्हणाली, "असू दे मॅडम, वर्गात पाऊल टाकल्यासारखं वाटतं."

खऱ्या शाळांमध्ये तिने एकोणीस पाठ कसेबसे ओढले. कुठे फळ्यावर लिहून, कुठे चित्रं दाखवून. गुण जेमतेम. विसावा पाठ बाहेरच्या परीक्षकांसमोर असे आणि पास की नापास ते त्याच्यावर ठरे. मी सदलगे सरांच्या मागे लागले, की समितीही बाहेरचीच, तो पाठ तिला त्यांच्यासमोरच तिकडून देऊ द्या.

"आणि पुढं खऱ्या शाळेत काय करणार ती? तिथं बाहुली बोलणार आहे का?"

"पुढचं पुढं बघू सर. एकदा तिला स्वतःला पटू दे की जमतं. मग दार उघडं ठेवून शिकवेल, मग दोघांसमोर, मग चौघांसमोर. मी घेते जबाबदारी."

सर कबूल झाले. पाठ टाचण मंजूर झालं, विषय हृदयाची रचना. मी आणि तिच्याच वर्गातल्या सुकुमार चौगुलेने दोन महिने डोळे फोडून तिकडं एक हृदय बांधलं, घराएवढं. त्याच्या आत वर्ग घेऊन जाता यायचं.

राजश्रीची एकच अट होती. ती तिने मला लिहून दिली नाही, तिकडून सांगितली नाही, माझ्यासमोर उभी राहून सांगितली. दोन-तीन मिनिटं लागली तिला. "म-मला ब-बाहेर ब-बोलवू नका."

"नाही बोलावणार," मी म्हणाले. "तू आतल्या खोलीतच बसायचं. पाठ संपला की मागच्या दाराने घरी जायचं. माझा शब्द."

तर दहा वाजता समिती आली. तिघे होते. अध्यक्ष डॉ. वझलवार, विदर्भातले, निवृत्त कुलगुरू, उंचपुरे, गडगडाटी आवाजाचे. माणूस मनमोकळा होता, हे आज इतक्या वर्षांनी राग विझल्यावर सांगते. चहा झाला, स्वागत झालं, पाहुण्यांना शाल-श्रीफळ झालं. दिवे मालवले आणि पडद्यावर आमची शाळा उघडली. राजश्रीची बाहुली फळ्याशी उभी होती, निळी साडी, मागे वेणी.

"मुलांनो, आज बाहेर जायचंय," ती म्हणाली. "फार लांब नाही. तुमच्या डाव्या खिशाच्या मागे."

ती पोरांना घेऊन हृदयात शिरली. लाल भिंती, धपधप असा आवाज, झडपा उघडतायत, मिटतायत. "ही झडप एकाच बाजूला उघडते. आत आलेलं रक्त परत मागे फिरू शकत नाही. सुकुमार, तू मागे वळायला बघतोयस, बघ जमतंय का." सुकुमारची बाहुली झडपेवर आपटून खाली बसली. हॉलमध्ये हशा पिकला. मग त्या वात्रट पोराने विचारलं, "बाई, प्रेम यातल्या कुठल्या कप्प्यात असतं?" हे टाचणात नव्हतं.

"ते एका कप्प्यात टिकत नाही सुकुमार," राजश्री तिथल्या तिथे म्हणाली, "रक्ताबरोबर वाहून जातं. म्हणून तर तुला दर महिन्याला नवीन लागतं."

वझलवार मांडीवर थाप मारून हसले. "बाप्पा! काय शिकवते हो ही पोरगी!" वीस मिनिटं ते खुर्चीच्या टोकावर बसून होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती, तरी मला कळत होतं की काम झालं. राजश्रीचंही झालं आणि माझंही. खरं सांगते, त्या वीस मिनिटांत मी स्वतःला कायम झालेली बघून घेतलं.

दिवे लागले. वझलवार उठून उभे राहिले. "कोण आहे ही शिक्षिका? बोलवा तिला. अशा पोरीचा सत्कार झाला पाहिजे. मी माझ्या हातानं करतो."

टेबलावर एक शाल आणि एक नारळ जास्तीचा होताच. आमच्याकडे नेहमी एक जास्त ठेवतात. सदलगे सरांनी माझ्याकडे बघितलं. "तळेकर मॅडम, आणा तिला."

"सर, ती जरा... ती बाहेर यायची नाही. लाजाळू आहे."

"अहो, लाजायचं काय त्यात?" वझलवार म्हणाले. "इतकी बोलणारी पोरगी लाजते होय? आणा, आणा."

मी एवढंच म्हणायला हवं होतं, की साहेब, मी तिला शब्द दिलाय. लोक काय खाणार होते का मला? पण मी उठले आणि आतल्या खोलीचं दार वाजवलं.

ती आनंदात होती. गाल लाल झाले होते. मी सांगितल्यावर तिचा चेहरा पडला. तिने जोरजोरात मान हलवली. "त-तुम्ही श-श-शब्द..."

"फक्त शाल घ्यायची, राजश्री. तोंड उघडायचं नाही. मी बाजूला उभी आहे ना? दोन मिनिटं गं. माझ्यासाठी."

'माझ्यासाठी' म्हणाले मी. लाज वाटते आता, पण तेच म्हणाले. ती माझ्यासाठी बाहेर आली.

वझलवारांनी तिला शाल पांघरवली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. ती खाली बघत उभी होती. मी म्हटलं सुटलो, आता हिला घेऊन जावं. तेवढ्यात सदलगे सर माइक घेऊन म्हणाले, "आता सत्कारमूर्ती आपलं मनोगत दोन शब्दांत व्यक्त करतील."

सरांना सगळं माहीत होतं. त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. वीस वर्षं त्यांनी सूत्रसंचालन केलं होतं, सत्कार झाला की मनोगत, हे त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी जीभ चावली. पण माइक तिच्या हातात गेला होता.

एका हातात नारळ, एका हातात माइक. तिने माझ्याकडे बघितलं. मग तिने खरंच प्रयत्न केला हो. पळून गेली नाही. "म-म-म..." माइकमधून ते हॉलभर फुटत होतं. मान ताठ झाली, डोळे मिटले. "म-मा-मा..." संगणकाच्या खोलीतून येऊन दाराशी गर्दी करून उभ्या असलेल्या मुलांपैकी कुणीतरी खुसकन हसलं. घाबरली असेल म्हणून वझलवार आधी "शाबास, बोल बेटा, बोल" करत होते. मग त्यांचा आवाज थांबला. त्यांनी पडद्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, शेजारच्या सदस्याच्या कानाशी लागले.

"मॅडम," ते मला म्हणाले, आवाज आता कोरडा होता, "मघाशी पडद्यावर बोलत होती ती हीच?"

"रेकॉर्डिंग असणार," दुसरे सदस्य म्हणाले. "आम्ही बघितलंय असं बऱ्याच ठिकाणी."

राजश्रीने माइक खाली ठेवला. तिला समजलं होतं काय चाललंय. तिने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं, दोन पावलं टाकलीसुद्धा. "म-मी द-द-दाखवते." तेवढं मात्र तिला म्हणता आलं. मुलांमधून सुकुमार पुढे आला, "सर, तिचाच..."

सदलगे सर माझ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तिला आत जाऊ द्यायचं, दार लावायचं, दोन मिनिटं थांबायचं, एवढंच होतं. ती बोलली असती, आणि त्या तिघांची तोंडं उघडी राहिली असती. पण माझ्या मनात आलं, आत्ता ही इतकी हादरलीय, आत जाऊनही अडखळली तर? तर सगळंच गेलं. खोटारडा विभाग म्हणून अहवाल जाणार, माझी ऑर्डर गेली, नऊ वर्षं गेली मातीत. सहा महिने मी तिला रोज सांगत होते की माझा तुझ्यावर विश्वास आहे. तो विश्वास दोन मिनिटंसुद्धा टिकला नाही.

"रेकॉर्डिंग नाही सर," मी म्हणाले. "आवाज माझा होता. मागे बसून, माइकशी तोंड लावून हळू बोलत पाठ मी दिला; बाहुलीतून आवाज वेगळाच येतो. ती फक्त बाहुली चालवत होती."

सुकुमारने "मॅडम!" म्हटलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. त्यालाही त्या वर्षी पास व्हायचं होतं.

वझलवारांचा चेहरा खुलला. "अहो, मग आधी सांगायचं ना! उगीच बिचारीला उभं केलं. उत्तम पाठ, मॅडम. आदर्श पाठ! मग हा सत्कार तुमचा." ते टाळ्या वाजवायला लागले, सदलगे सर वाजवायला लागले, सगळा हॉल वाजवायला लागला.

राजश्रीने अंगावरची शाल काढली. घडी घातली, नीट, कडेला कड जुळवून. वर नारळ ठेवला आणि माझ्यापुढे धरली. मी घेतली. दुसरं काय करणार होते, सगळे बघत होते. ती मागच्या दाराने निघून गेली.

जूनमध्ये माझी ऑर्डर आली. सदलगे सरांनी शब्द पाळला, स्वतः सही करून आणली. अहवालात 'श्रीमती तळेकर यांचा आदर्श पाठ' म्हणून अख्खा परिच्छेद होता. पण त्याआधी, समिती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले होते, की राजश्रीच्या विसाव्या पाठाचे गुण लावा.

"कुठला पाठ?" सर म्हणाले. "तो पाठ तुमचा. तुम्हीच म्हणालात, चार माणसांदेखत. आता तिच्या नावावर कसा लावू?"

मी भांडले, रडले, हातापाया पडले म्हणा. शेवटी सर वैतागून म्हणाले, "शुक्रवारच्या आत परत घ्या तिचा पाठ. तुम्ही ऐका, तुम्हीच गुण द्या, मी डोळे झाकून सही करतो. बास?"

मला केवढं हलकं वाटलं! मी सुकुमारच्या हाती निरोप धाडला. आधी ती नाही म्हणाली. मग गुरुवारी चार वाजता आली. माझ्याशी बोलली नाही, आत गेली, कडी लावली. मी हॉलमध्ये माझ्या जागेवर बसले, हेडफोन लावला आणि तिकडं जाऊन बाकावर बसले. वर्गात मी एकटीच होते. बाकं वाकडीतिकडी होती. राजश्रीची बाहुली फळ्याशी आली.

"कर सुरू," मी म्हणाले. "कुणी नाही बघ. फक्त मी आहे."

हेडफोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता. मग आवाज आला.

"म-म-मु..."

तिने परत सुरू केलं. "मु-मु-मुल..." त्या शाळेत सहा महिन्यांत तिचा एक शब्द अडला नव्हता. आता पहिलाच सुटत नव्हता. बाहुली मात्र हसऱ्या चेहऱ्याने शांत उभी होती, तिच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. भिंतीपलीकडे खरी राजश्री मान ताठ करून बसली असणार. एक मिनिट गेलं, दोन गेली. मला ते ऐकवेना. हेडफोन काढून फेकावा असं वाटत होतं.

आणि तेव्हासुद्धा मी काय केलं बघा. मी म्हणाले, "राजश्री, थांब गं. नेट अडकतंय बहुतेक. आज लाइनच खराब आहे. तुझा आवाज तुटक येतोय. आपण उद्या करू, हं?"

आवाज बंद झाला. पडद्याच्या तळाशी लिहायची एक चौकट होती, तिच्यात अक्षरं उमटायला लागली, एकेक करून, न चुकता.

"नेट चांगलं आहे, मॅडम. हा आवाज माझा आहे."